तात्पुरते सर आणि निळा दात

ज्या स्टाफरूममध्ये खुर्च्या कमी असतात तिथे किस्से जास्त होतात, असं माझं निरीक्षण आहे. खुर्ची मिळाली की माणूस मुकाट्याने पेपर तपासतो. नाही मिळाली की दाराला टेकतो आणि कुणाची तरी नक्कल करायला लागतो. लातूरच्या आमच्या क्लासमध्ये माणसांच्या निम्म्याच खुर्च्या होत्या, त्यामुळे आमच्याकडे साठा भरपूर.

मी तिथे जीवशास्त्र शिकवायचे. माहेर नांदेडचं, म्हणजे लातूरकरांच्या लेखी मी परदेशीच. आता क्लास सोडून बरीच वर्षं झाली. पण जुन्यांपैकी दोघं-तिघं भेटलो की चहा येईपर्यंत किस्से सुरू होतात आणि फिरून फिरून एकाच माणसावर येतात. दिलीप सातपुते, भौतिकशास्त्र. हे नाव वाचून आमचे जुने विद्यार्थी विचारतील, हे कोण?

तेच तर सांगायचंय.

* * *

आधी पत्र्याचं सांगते, कारण सगळं त्या पत्र्याखाली घडलं.

आमच्या क्लासचे मालक बिराजदार सर गणित शिकवायचे. भूकंपात त्यांचं गावाकडचं दगडमातीचं घर बसलं, आणि सरकारने त्यांना पत्र्याचं शेड दिलं. चार महिन्यांसाठी म्हणून दिलं, राहिले कित्येक वर्षं. गावातली शाळा बंद होती, म्हणून सर त्याच शेडात पोरांना गणित शिकवायला लागले. पुढे पक्की घरं मिळाली, शेडं मोडीत निघाली, तेव्हा सरांनी आपल्या शेडाचे पत्रे आणि लोखंडी अँगल घेतले, ट्रॅक्टरवर घातले आणि लातूरला आणून क्लास काढला. क्लास वाढला तसे हॉल वाढले, पण डोक्यावर पत्राच. आजूबाजूला क्लासेसच्या तीन-तीन मजली इमारती उठत होत्या, काचा लागत होत्या, आणि आम्ही एप्रिलमध्ये पत्र्याखाली शिजत होतो. सर स्लॅबखाली झोपायचेसुद्धा नाहीत.

एकदा नांदेडचे एक व्यापारी मुलाला घेऊन आले. बारावीचं वर्ष. त्यांनी फी ऐकली, मग वर बघितलं. "सर, एवढी फी घेता आणि वर पत्रा?"

सर म्हणाले, "पोराला वर बघायला पाठवून राहिले का फळ्याकडं?"

मुलगा त्याच दिवशी दाखल झाला. पण ह्याच पत्र्याचा दुसराही किस्सा आहे. भूकंपाच्या पट्ट्यातला एक बाप पोरीला घेऊन आला होता. त्याने फी विचारली नाही, निकाल विचारला नाही. हॉलच्या दारात उभा राहून वर बघितलं आणि म्हणाला, "पत्रा हाय ना? मग ठिवतो पोरीला." त्या दिवशी बिराजदार सर पुढचा तास घेऊ शकले नाहीत. पोरांना वाटलं, सरांना सर्दी झाली.

* * *

सातपुते आमच्याकडे आला तो पंधरा दिवसांसाठी. (माझ्याहून लहान आहे, म्हणून एकेरी लिहिते.) आधीचे फिजिक्सचे सर जास्त पगारावर दुसऱ्या शहरात गेले, तेही ऐन परीक्षेच्या तोंडावर. बिराजदार सरांनी वर्गात सांगून टाकलं, "घाबरू नका, तात्पुरते सर आणतो, मग बघू." दुसऱ्या दिवशी लातूरकडच्या मुरुडजवळच्या एका खेड्यातला हा काडीसारखा एमएस्सी पोरगा दारात उभा. गावाकडे एकटी आई, अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात डबा.

त्याची ओळख करून दिली इस्माईल चाचाने. चाचा म्हणजे आमचं फाटक, घंटा आणि माईक. घराणं निजामाच्या काळापासून लातूरचं, वागण्यात अदब, आणि समोरचे वरचे दात गायब. ते कसे गेले याच्या तीन वेगवेगळ्या हकिकती चाचा सांगायचा आणि तिन्हींत सायकल असायची. दात नसल्याने त्याच्या तोंडून 'स' निघायचा नाही, 'त' निघायचा. चाचाचं बोलणं मी इथे नीट करून लिहिणार आहे, पण काही ठिकाणी ते तसंच ठेवावं लागेल.

तर चाचाने माईक हातात घेतला आणि जाहीर केलं, "आजपातून फिजिकतला तातपुते तर."

पोरांनी आदल्या दिवशीच 'तात्पुरते सर येणार' असं ऐकलेलं होतं. त्यांना वाटलं, आडनावच तात्पुरते आहे. तास संपल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "तात्पुरते सर, उद्या पण तुमीच का?"

सातपुते म्हणाला, "हो, उद्या पण."

असं तो पुढची पाच वर्षं म्हणत होता. नोट्सवर तात्पुरते सर, वेळापत्रकात तात्पुरते सर, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गठ्ठ्यावर चिठ्ठी, 'तात्पुरते, फिजिक्स'. बॅचमागून बॅच गेल्या, सातपुते हे आडनाव कोणाच्या कानावर पडलंच नाही.

* * *

मोबाईल नवीन आले तेव्हाची गोष्ट. क्लासमध्ये मोबाईलला बंदी होती, म्हणजे सगळ्यांकडे होता. बिराजदार सर दप्तरं तपासायचे, मोज्यात हात घालायचे, सापडायचं काही नाही.

सातपुतेने काय केलं, तास सुरू असताना स्वतःचा मोबाईल काढून ब्लूटूथवर आसपासचे फोन शोधले. पोरांना गाण्यांची देवघेव करायची सवय, त्यामुळे सगळ्यांचं ब्लूटूथ कायम चालू. आणि प्रत्येकाने आपल्या फोनला झकास नाव ठेवलेलं. सातपुतेच्या स्क्रीनवर सगळा वर्ग उतरला. त्याने हजेरी घ्यावी तशी शांतपणे ती नावं वाचायला सुरुवात केली.

"लातूरचा वाघ."

दोन-चार हात खिशाकडे गेले.

"बंटी द बॉस. एकटा जीव. केळी किंग."

"हजर सर," मागून आवाज आला, आणि बोलणाऱ्याने स्वतःच कपाळावर हात मारला. तो अर्धापूरचा गजानन. घरी केळीच्या बागा, म्हणून केळी किंग. हजेरीला उत्तर द्यायची सवय त्याला नडली. त्याला बघून वाघ, बॉस आणि एकटा जीवही उभे राहिले. एकटा जीव ही मुलगी निघाली.

* * *

दुसऱ्या दिवशी ह्याच गजाननने हात वर केला. "सर, ज्याच्यापायी आमी घावलो, त्याला निळा दात काऊन म्हनतेत?"

सातपुतेला असले प्रश्न फार आवडायचे. त्याने खडू खाली ठेवला. मी शेजारच्या हॉलमध्ये होते, मधली भिंतही पत्र्याचीच, त्यामुळे माझ्या वर्गानेही बेडकाचं हृदय सोडून ही गोष्ट ऐकली.

वायर न लावता यंत्रांनी एकमेकांशी बोलावं, म्हणून काही मोठ्या कंपन्या एकत्र आल्या होत्या. प्रत्येकीचं नाव वेगळं, एकमत होईना. त्यांच्यातला एक इंजिनिअर त्या दिवसांत जुन्या राजांच्या गोष्टी वाचत होता. त्यात डेन्मार्कचा एक राजा होता, हजार वर्षांपूर्वीचा. त्याचा एक दात म्हणे मेलेला होता, निळा-काळा पडलेला, म्हणून लोकांनी त्याचं नावच निळा दात पाडलं. पण ह्या राजाने आपसात भांडणाऱ्या लोकांना एकत्र आणलं होतं. इंजिनिअर म्हणाला, आपणही न जुळणारी यंत्रं जुळवायला निघालोय, तर खरं नाव ठरेपर्यंत हेच चालवू.

"मग खरं नाव कवा ठरलं?" गजाननने विचारलं.

"दोन काढली होती. एक आधीच जिकडेतिकडे वापरात होतं. दुसरं आपल्याला वापरता येतं का, ही चौकशी वेळेत संपली नाही. तोवर माल बाजारात न्यायचा दिवस आला. मग हेच राहिलं."

"अन् राजाचं खरं नाव, सर?"

"होतं काहीतरी. आता कोण विचारतंय?"

गजाननला हे एकदम पटलं. "आमच्याकडं एकाला समदे फुटक्या म्हनतेत. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेत पन कंसात 'फुटक्या' छापलं, न्हाईतर पाव्हनेच आले नसते."

हॉल हसला. आणि मग पहिल्या बाकावरची एक गरीब स्वभावाची मुलगी अगदी निरागसपणे म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखंच झालं, सर. तात्पुरतं होतं, तेच राहिलं."

आता दोन्ही हॉल हसले. सातपुतेही हसला. पण स्टाफरूममध्ये आल्यावर त्याने चहा घेतला नाही. त्याचं कारण मला माहीत होतं. नावाचं त्याला काही नव्हतं, पण दोन स्थळं ह्याच शब्दावरून मोडली होती. क्लासची नोकरी, म्हणजे टेंपरवारी, असं म्हणून लोक उठून जायचे. त्याला मनापासून लग्न करायचं होतं, घर मांडायचं होतं, आईला लातूरला आणायचं होतं, आणि तो हे कोणापासून लपवायचाही नाही. बिराजदार सरांकडे त्याने एकदा कायम करून घ्या म्हणून शब्द टाकला होता. सर म्हणाले होते, "अरे, क्लासमदी मी तरी कुठं कायम हाय?"

गोष्ट ऐकून चाचा वेगळ्याच दुःखात होता. "एक दाँत खराब हुवा तो दुनियाभर में नाम. मेरे तो सामनेवाले सगळे गये. मला काय मिळालं?"

"तुम्हाला नाही, मला मिळालं चाचा," सातपुते म्हणाला. आणि मोबाईल काढून त्याने आपल्या ब्लूटूथचं नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं, तात्पुरते. लोकांनी ठेवलेलं नाव आपणच लिहून टाकलं की टोचत नाही, असं त्याचं म्हणणं. टोचत होतंच.

* * *

शेवटी चारेक वर्षांनी स्थळ मी आणलं. नांदेडजवळच्या लोह्याची मनीषा, माझ्या आईच्या ओळखीतली. ती गावात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची, हुशार आणि जरा आगाऊ. वडील गंगाधरराव कालव्यावर नोकरीला होते, नुकतेच निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण एका बाबतीत अडून बसणारा. त्यांनी स्वतः उमेदीची सगळी वर्षं रोजंदारीवर काढली होती आणि केस पिकल्यावर कायम झाले होते.

सातपुते, त्याची आई आणि मी लोह्याला गेलो. मुलगी येऊन बसली, पोहे झाले, ती आत गेली. मग गंगाधररावांनी घसा खाकरला.

"पावनं, नोकरी कायम हाय का टेंपरवारी?"

सातपुते खोटं बोलणाऱ्यातला नाही. तो म्हणाला, "काका, पाच वर्षं झाली. सर सोडणार नाहीत."

"त्ये न्हाई इचारलं. कायम केल्याचं काई आलं का?"

तेवढ्यात सातपुतेचा मोबाईल वाजला. त्याने स्क्रीनकडे बघितलं, परत बघितलं आणि लालबुंद झाला. मी शेजारीच होते, मला दिसलं. ब्लूटूथवरून निरोप आला होता आणि फोन विचारत होता, 'कायम' कडून आलेलं घ्यायचं का? हो की नाही?

मनीषा आतल्या खोलीत होती, पडद्यापलीकडे. तिने आपल्या फोनवर आसपास कोण आहे ते शोधलं, तिला 'तात्पुरते' दिसलं. वडिलांचा प्रश्नही तिला तिथे ऐकू येत होताच. तिने उभ्या उभ्या स्वतःच्या फोनचं नाव बदललं आणि आपला नंबर पाठवून दिला.

सातपुतेने 'हो' दाबलं.

"काई आलं का, म्हनलं?" गंगाधररावांनी पुन्हा विचारलं.

"आत्ताच आलंय," सातपुते म्हणाला.

* * *

झालं. गंगाधररावांना वाटलं, क्लासने नोकरी कायम केल्याचं फोनवर कळवलं. पण कालव्यावर आयुष्य गेलेला माणूस, पाणी कुठपर्यंत आलंय ते स्वतः बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. कोणाला न सांगता ते लातूरला आले आणि फाटकावर चाचाला भेटले. पुढचं संभाषण मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलंय आणि ते तंतोतंत जुळतं.

"सातपुते सर इथंच हायत का?"

चाचा अदबीने उठून उभा राहिला. "हाव जी. तातपुते तर हायत ना."

गंगाधररावांनी ऐकलं, तात्पुरते तर हायत ना.

"कवापासून?"

"पाच साल हो गये जी."

"पाच वर्सं झाली अन् अजून तात्पुरते?"

"शुरू से तातपुते."

"मग कायम कवा होनार?"

चाचाला हा प्रश्न भलताच विचित्र वाटला. "कायम तातपुते ही रहेंगे जी. मर्द का नाम कभी बदलता है क्या?"

गंगाधरराव तडक बिराजदार सरांच्या खोलीत शिरले. मी रजा मागायला तिथेच उभी होते. आधी माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी आमच्या घरातल्यासारख्या, अन् तुमी मला फसवलं? तुमचा फाटकावरचा मानूस सांगून राहिला, कायम टेंपरवारीच राहनार हाय म्हनून."

लोह्यात माझ्या आईला तोंड दाखवायला जागा राहिली नसती, ते एक. पण सातपुतेचं तिसरं स्थळ जात होतं, आणि ह्या खेपेला त्याला मुलगी आवडली होती. तो निरोप मिळून वर्गातून आला आणि दारातच थांबला. आत येऊन बोलायचा त्याला धीर होईना.

मी चाचाच्या दातांचं सांगायला तोंड उघडलं, पण बिराजदार सरांनी हाताने थांबवलं. ते नेहमी तोडून बोलायचे, त्या दिवशी सावकाश बोलले.

"गंगाधरराव, वर बघा जरा. हे शेड आमाला चार महिन्यांसाठी दिलतं. माजी आई ह्याच पत्र्याखाली वारली. शेवटपोतर म्हनायची, सामान सोडू नगा, आता जायचंच हाय. गावाकडचं समदं कायम म्हनून बांधलेलं, एका रातीत बसलं. चार महिन्यांचं हे, अजून उभं हाय. ह्या पोराला मी पंधरा दिवसांसाठी आनलं. मी हाय तवर तो हाय. ह्याच्यापरीस मोठा कागद माज्याकडं न्हाई."

गंगाधरराव वर बघत राहिले. मग खुर्ची ओढून तिच्यावर चढले. आम्हाला कळेना हे काय चाललंय. त्यांनी अँगलला हात लावला, एक नट चाचपला.

"नट वरून घातलेत," ते म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"साहेब म्हनायचा खालून घाला. आमी वरून घालायचो, लौकर व्हायचं. थंडी पडलेली, मानसं उघड्यावर, लेकरं रडून राहिलेली. कोन खालून घालत बसतंय?" त्यांनी अँगल धरून हलवून बघितला. तो हलला नाही. "भूकंपात कालव्यावरून आमाला तिकडं नेलतं, असली शेडं आमच्याच ग्यांगनं ठोकली हो. मी तवा रोजंदारीवर होतो."

ते खाली उतरले. खुर्ची आपल्या उपरण्याने पुसली. बिराजदार सर खिडकीबाहेर बघत होते.

मग ते दाराकडे वळून सातपुतेला म्हणाले, "पोरगी दिली. पन एक अट हाय. लग्नात त्यो शब्द माज्या कानावर पडू द्यायचा न्हाई. माजा सासरा मरेस्तोवर मला टेंपरवारी जावई म्हनत होता. माज्या मांडवात कोनी तात्पुरते म्हनलं तर मी उठून जाईन."

* * *

आता अडचण अशी, की लग्नात माईक चाचाकडेच द्यायचा, हा सातपुतेचा हट्ट. ज्याने नाव ठेवलं त्यानेच पुकारायचं. आणि चाचाच्या तोंडून सातपुते हे नाव निघणं शक्य नव्हतं.

उपाय गजाननने काढला. केळी किंग आता दातांचा डॉक्टर व्हायला आला होता. शेवटचं वर्ष, हात शिवशिवत होते, कोणीतरी तोंड उघडून बसायची खोटी. त्याने चाचाला नेलं, मापं घेतली आणि समोरच्या दातांची कवळी बनवून दिली, हवी तेव्हा बसवायची, हवी तेव्हा काढायची. आरशात बघून चाचा रडला. मग त्याने आमच्यासमोर पहिला शब्द उच्चारला.

"सातपुते."

नंतर आठवडाभर चाचा 'स' सोडून दुसरं काही बोलत नव्हता. सोमवार, समोसा, सासुरवाडी, सुसाट. सायकलीची चौथी हकीकतही त्याच आठवड्यात जन्माला आली.

* * *

लग्न लोह्याला होतं, बसस्टँडच्या मागच्या कार्यालयात. मुलांना सातपुतेने वर्गातच सांगितलं होतं, "पत्रिका नाहीत, पण सगळ्यांनी यायचं. बसस्टँडच्या मागे विचारा, कोणीही सांगेल."

मुलीकडचा मांडव गच्च भरलेला. मुलाकडच्या बाजूला सातपुतेची आई, एक मामा, मामाचं कुटुंब आणि आम्ही क्लासचे चौघं-पाच जण. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या. मुलं अजून कशी आली नाहीत म्हणून सातपुते स्टेजवरून सारखा फाटकाकडे बघत होता, मुंडावळ्या सावरत. त्याच्या आईने दोनदा मला विचारलं, "लातूरचं कुनीच न्हाई का आलं, बाई?" मुलीकडच्या बायकांत कुजबुज सुरू झाली होती. टेंपरवारी मानसाला कोन येनार, हे एकीने म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि मला तिचा इतका राग आला की मी तिला अत्तर लावलं नाही. गंगाधररावांनीही ते ऐकलं असावं. ते मान खाली घालून फिरत होते.

माईकवर चाचा रंगात आला होता. "सर्व सन्माननीय सोयरे, सातपुते सरांच्या शुभविवाहास..." एकेक 'स' असा खणखणीत, की गजानन पहिल्या रांगेत डोळे मिटून आपलं काम ऐकत बसला होता. तिकडे भटजींनी अंतरपाट हातात घेतला.

तेवढ्यात गंगाधररावांचा पुतण्या फाटकावरून पळत आला.

"काका, समोरच्या कार्यालयात लातूरची लई पोरं बसलीत. दोन टेंपो भरून आलीत. इथं येऊन इचारत होती, तात्पुरते सरांचं लग्न हेच का म्हनून. मी सांगितलं, हे सातपुत्याचं हाय, त्ये समोर आसंल. आता तिथं पंगतीला बसायलीत."

गंगाधररावांनी चाचाला खूण केली. चाचाने आवाज चढवला. "समोरच्या मंडपातील सर्वांना सूचना, सातपुते सरांच्या सर्व स्टुडंटांनी..." नवे दात, स्वच्छ उच्चार. आम्ही सगळे फाटकाकडे बघत राहिलो. समोरून एक पोरगं हललं नाही.

"पुन्हा म्हणा," मी ओरडले.

"सातपुते सर! सा-त-पु-ते!"

कोणी नाही. भटजींनी घड्याळाकडे बघितलं; माणूस धाडून एकेकाला पंगतीतून उठवायला आता वेळ नव्हता. अंतरपाटाआडून मनीषा आपल्या वडिलांकडे बघत होती. गंगाधररावांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, मग टोपी नीट केली आणि सगळ्या मांडवातून चालत माईकपाशी गेले.

"चाचा," ते म्हणाले, "दात काढा."

मुलीच्या बापाचा हुकूम. चाचा बिचारा तोंडभर हसला.

"तसं न्हाई हो, चाचा," गंगाधरराव म्हणाले. "खरंच काढा."